पाटाची निगा

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द मी संगणकावर लिहितो तेव्हा एक गोष्ट न मागता घडते. पहिल्यात र डोक्यावर चढून रफार होतो, दुसऱ्यात तो पापणीच्या केसासारखा य ला बिलगतो. विद्या देणारे कोण आणि स्वयंपाक करणारे कोण, हा सगळा फरक त्या एका वळणावर उभा आहे. ते वळण पडद्यावर नेमके उमटावे म्हणून हार्फबझ नावाची एक प्रणाली आत काम करत असते. कोणत्या अक्षरापुढे कोणते आले म्हणजे कोणता आकार घ्यायचा, वेलांटी कुठे सरकवायची, जोडाक्षर कसे बांधायचे, हे ती ठरवते. फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, अँड्रॉइड फोनमध्ये, मी हा मजकूर ज्यात लिहितो आहे त्या लिबरऑफिसमध्ये, सगळीकडे तीच आहे. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे. तिचा सोर्स कोड कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा.

हार्फबझच्या मुख्य कर्त्याला मोठ्या कंपन्यांत नोकऱ्या मिळत गेल्या आणि त्या पगारांवर हे काम चालत राहिले. सगळ्यांचे तसे होत नाही. माझ्या एका वाक्याखाली अशा शेकडो प्रणालींचे थर आहेत आणि त्यांतले कितीतरी थर कोणीतरी रात्री, नोकरीवरून घरी आल्यावर, मुले झोपल्यावर सांभाळतो. लिबरऑफिस मी वापरू लागलो त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांतली पहिली नऊ वर्षे मी त्याला एक रुपयाही दिला नव्हता. देऊ नये असे मनात नव्हते. द्यायचे असते हेच मनात आले नव्हते. विहीर कोणी खणली हे आपण विचारतो, पुष्कळदा तिच्या काठावर त्याचे नावही कोरलेले असते. दरवर्षी गाळ कोण काढतो, हे विचारायची सवय आपल्याला नसते.

अशा सॉफ्टवेअरला इंग्रजीत ‘फ्री’ म्हणतात आणि त्या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ला ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतले लोक चाळीस वर्षे समजावून सांगत आहेत की आम्ही स्वातंत्र्याबद्दल बोलतो आहोत, किमतीबद्दल नव्हे. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे मुक्त आहे आणि फुकट आहे, दोन शब्द, दोन वेगळी घरे. असे असूनही व्यवहारात आपण मुक्तला फुकटच समजतो, आणि हा दोष भाषेचा नाही. स्वतः स्टॉलमन मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या आपल्या ईमॅक्स या प्रोग्रामच्या चुंबकीय फिती १५० डॉलरला विकत आणि त्यावर काही काळ त्यांचा चरितार्थ चालला. १९८५च्या त्यांच्या जाहीरनाम्यात तर एका करावरही विचार आहे: संगणक घेणाऱ्याने किमतीच्या काही टक्के रक्कम सॉफ्टवेअरच्या कामासाठी द्यावी, आणि आपल्या पसंतीच्या कामाला त्याने परस्पर देणगी दिली असेल तर तेवढी सूट मिळावी. म्हणजे पैशाचा प्रश्न या चळवळीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. नंतर तो बाजूला पडला, कारण काम होत राहिले. काम होत राहते तोवर ते कशावर चालले आहे हे पाहायला कोणी वाकत नाही.

देण्यासाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकात देणारा आणि घेणारा वेगवेगळ्या पायरीवर उभे असतात. भीक घालणाऱ्याचा हात वर असतो. भिक्षेत उलट होते. झोळी पुढे करणारा मोठा आणि वाढणारी बाई कृतार्थ. दानात पुण्य देणाऱ्याच्या खात्यावर जमा होते, म्हणून पात्र कोण याची चर्चा फार. दक्षिणा विधी पार पडल्यावर द्यायची. देणगीला पाटी लागते, पाटीवर नाव लागते आणि अक्षरांचा आकार रकमेबरोबर वाढतो. उरली वर्गणी. वर्गणीत घेणारा आणि देणारा वेगळे नसतातच. जे काम सर्वांचे आहे त्याचा खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा. तिला कधी कधी सक्तीचा वास येतो, दारात उभ्या राहिलेल्या पोरांपुढे नाही म्हणणे अवघड जाते, हे मान्य. तरी मला मुक्त सॉफ्टवेअरच्या संदर्भात हाच शब्द बरोबर वाटतो. आपण याला ‘डोनेशन’ म्हणतो आणि तिथेच चुकतो, कारण त्या शब्दाने आपण बाहेरचे ठरतो. कोणीतरी भले काम करत आहे, त्याला आपण हातभार लावला. खरे तर ते काम आपल्याच घरात चालू असते.

लिबरऑफिसचा जन्मच वर्गणीतून झाला. ओपनऑफिस नावाचा प्रकल्प सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या छत्राखाली वाढला होता. जानेवारी २०१०मध्ये ती कंपनी ओरॅकलने विकत घेतली. नव्या मालकाच्या घरात आपले काय होणार, ही काळजी तिथल्या स्वयंसेवकांना लागली आणि २८ सप्टेंबर २०१०ला त्यांनी वेगळी चूल मांडली. कोडची प्रत त्यांना नेता आली. परवान्यानेच तो हक्क दिला होता. मात्र नाव नेता आले नाही, म्हणून लिबरऑफिस. संस्थेला कायदेशीर रूप हवे होते आणि त्यांनी जर्मनीतला ‘श्टिफ्टुंग’ हा प्रकार निवडला. आपल्याकडच्या धर्मादाय न्यासाचा तो भाऊबंद, पण त्याला सुरुवातीलाच एक भांडवल ठेवावे लागते आणि ते मोडायचे नसते. ५०,००० युरो हवे होते. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांनी लोकांना साद घातली आणि आठ दिवसांत रक्कम उभी राहिली. बर्लिनमध्ये ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ या नावाने संस्थेची रीतसर नोंद झाली ती पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१२मध्ये. मोडता येणार नाही अशी रक्कम का हवी, याचे उत्तर ओरॅकलच्या अनुभवात आहे. ज्यांनी मालक बदललेला पाहिला होता, त्यांना मालकच होऊ शकणार नाही असे घर बांधायचे होते.

आठ दिवस. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भरून आले होते. आता त्याच गोष्टीकडे पाहताना दुसरेही काही दिसते. जन्माच्या वेळी माणसे देतात, बारशाला पाळण्यात पैसे पडतात. संकटातही देतात. त्या दोन्हींच्या मधली जी लांबलचक वर्षे असतात, ज्यांत काहीच घडत नाही आणि काही घडू नये म्हणूनच कोणीतरी राबत असतो, त्या वर्षांत पाळणा रिकामा असतो.

ओपनएसएसएलचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते आणि मीही तेच देणार आहे, कारण त्यातले आकडे मनातून जात नाहीत. बँकेचे संकेतस्थळ उघडताना जे छोटे कुलूप दिसते, त्यामागे जगातल्या असंख्य सर्व्हरवर हीच प्रणाली काम करते. तिच्यात एक सोय होती: एका यंत्राने दुसऱ्याला ‘जागा आहेस ना?’ असे विचारायचे, सोबत एक शब्द पाठवायचा आणि त्याची लांबी सांगायची; दुसऱ्याने तोच शब्द परत पाठवायचा. लांबी खरी आहे का हे तपासायची ओळ राहून गेली. चार अक्षरांचा शब्द पाठवून ‘ही साठ हजार अक्षरे आहेत’ असे सांगितले की समोरचे यंत्र चार अक्षरांनंतर स्मरणात जे पडले असेल ते भाबडेपणाने देऊन टाके. त्यात संकेतशब्द असत, कुलपांच्या किल्ल्याही असत. ही चूक २०११च्या अखेरीस आत आली, मार्च २०१२मध्ये जगभर पसरली आणि ७ एप्रिल २०१४ला उघड झाली. तिला हार्टब्लीड हे नाव मिळाले.

मग लोकांनी विचारले, हे सांभाळते कोण? पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता, स्टीफन हेन्सन. प्रकल्पाचा पैसा पाहणारे स्टीव्ह मार्क्वेस यांनी त्या आठवड्यात हिशोब उघडा केला: देणग्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. ज्या प्रणालीवर जगाचा व्यापार चालतो तिच्यासाठी वर्षभरात देणगी एवढीच. बातमी फुटल्यावर काही दिवसांत सुमारे ९,००० डॉलर आले, बहुतेक पाच-पाच, दहा-दहा डॉलरच्या रकमांनी, जगाच्या कानाकोपऱ्यांतून. त्या छोट्या रकमा पाठवणाऱ्यांचे आभार मानून मार्क्वेस यांनी स्पष्ट सांगितले की अशा ओघावर हे काम तगणार नाही, निदान सहा माणसे तरी पूर्ण वेळ हवीत, आणि ज्या मोठ्या कंपन्या ही प्रणाली आपल्या मालात घालून विकतात त्यांनी पुढे यायला हवे. २४ एप्रिलला लिनक्स फाउंडेशनने ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, इंटेल अशा डझनभर कंपन्यांकडून तीन वर्षे दरसाल प्रत्येकी एक लाख डॉलरचे वचन मिळवले. सतरा दिवस लागले. चूक मात्र दोन वर्षे तिथे बसून होती आणि त्या दोन वर्षांत पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच होता.

सामाईक गोष्टीची निगा राखण्याची एक जुनी रीत आपल्याकडे आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठी फड पद्धतीची शेती काही शतके चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या पाण्यावर फड, म्हणजे शेतांचे पट्टे. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे. पाट सगळ्यांचा, म्हणून हंगामाआधी त्यातला गाळ सगळ्यांनी काढायचा. पण रोज पाटाबरोबर चालणारा, कुठे गळती लागली, कुठे बांध फुटला ते पाहणारा, पाण्याच्या पाळ्या लावणारा माणूस वेगळा असतो. तो पाटकरी. त्याचे पोट फडातल्या शेतकऱ्यांनी धान्यातून भरायचे. मला या व्यवस्थेतले शहाणपण यात दिसते की पाटकऱ्याला कोणी दान देत नाही आणि कोणी त्याच्याकडून पाणी विकतही घेत नाही. त्याच्या पायपिटीचा मोबदला पिकातच धरलेला असतो. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९०च्या आपल्या ग्रंथात जगभरच्या अशा सामाईक मालमत्तांचा अभ्यास मांडला आणि २००९मध्ये त्यांना नोबेल मिळाले. सामाईक गोष्ट ही बेवारस गोष्टच असते आणि म्हणून ती नासते, हा समज त्यांनी खोडला. जिथे वापरणाऱ्यांनी नियम केले, राखणदार नेमला आणि त्याचा खर्च उचलला, तिथे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

सॉफ्टवेअर वापरल्याने संपत नाही, असे यावर कोणी म्हणेल. पाण्याचे तसे नाही. मी घेतले तर तुझे कमी होते. लिबरऑफिस मी उतरवून घेतले म्हणून तुझ्या वाट्याचे घटत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच फसवे आहे. संपते ते वेगळेच. दर नव्या वापरणाऱ्याबरोबर एक नवी तक्रार, एक नवी विनंती, एक नवे ‘हे का चालत नाही?’ येते, आणि ते वाचणाऱ्याचे डोळे दोनच असतात. पाट कितीही भरून वाहू दे, पाटकऱ्याचा दिवस चोवीस तासांचाच.

जर्मनीतल्या एर्कराथ या गावचे वेर्नर कॉख, त्यांनी १९९७मध्ये स्टॉलमन यांचे भाषण ऐकून एक काम हाती घेतले. पत्रे आणि फायली गुप्त ठेवणारी ग्नू प्रायव्हसी गार्ड ही प्रणाली त्यांनी लिहिली आणि नंतर जवळजवळ एकट्यानेच ती सांभाळत राहिले. पत्रकार, वकील, हुकूमशाहीत जीव मुठीत धरून जगणारे लोक तिच्यावर विसंबतात. २००१पासून कॉख यांची मिळकत वर्षाला सरासरी २५,००० डॉलरच्या आसपास होती. घरात बायको आणि लहान मुलगी. २०१३च्या सुरुवातीला ते हे सोडून सरळ कुठेतरी नोकरी धरायच्या विचारात होते. तेवढ्यात एडवर्ड स्नोडेन यांचे सरकारी पाळतीबद्दलचे गौप्यस्फोट झाले आणि आता सोडण्याची ही वेळ नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले. फेब्रुवारी २०१५च्या आरंभी प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने त्यांची कहाणी छापली. त्याच दिवशी देणग्यांचा पाऊस पडला. फेसबुक आणि स्ट्राइप या कंपन्यांनी दरसाल प्रत्येकी ५०,००० डॉलर देऊ केले. मला या कहाणीतला पाऊस तितकासा आठवत राहत नाही. आठवतो तो २०१३चा माणूस, जो पैसे नसताना, कोणी पाहत नसताना, काम न सोडायचे ठरवतो.

अशा माणसांना पैसे द्यावेत, यावर वाद नाही असे वाटेल. पण वाद आहे, आणि तो हलका नाही. डेबियन हा लिनक्सवर आधारलेली संगणक प्रणाली घडवणारा, १९९३मध्ये सुरू झालेला स्वयंसेवकांचा प्रकल्प. त्याच्या घटनेतच लिहिले आहे की कोणावरही काम करण्याचे बंधन नाही. जे करायचे ते स्वखुशीने. २००६च्या सप्टेंबरात, ठरलेली नवी आवृत्ती ४ डिसेंबरला वेळेवर निघावी म्हणून डेबियनच्या तेव्हाच्या प्रमुखासह काही जणांनी डंक-टँक नावाची योजना काढली: प्रकाशनाची जबाबदारी असलेल्या दोघांना एकेक महिना पूर्ण वेळ काम करता यावे म्हणून जमवलेल्या पैशातून मानधन द्यायचे. हेतू निर्मळ होता. पण वर्षानुवर्षे बिनपैशाने राबणाऱ्या काहींच्या जिव्हारी ते लागले. आमच्या कामाचे मोल वेगळे आणि यांच्या कामाचे वेगळे, असे कोणी ठरवले? काहींनी निवेदन काढले, काहींचा हात सैल पडला. ती आवृत्ती ८ एप्रिल २००७ला निघाली. उशिराची कारणे अनेक असतील; पण पैसा ओतला की काम पुढे सरकते, हा साधा हिशोब तिथे जुळला नाही.

रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७०मध्ये रक्तदानावर एक पुस्तक लिहिले. ब्रिटनमध्ये लोक रक्त फुकट देत, अमेरिकेत बरेचसे विकत घेतले जाई. रक्ताला किंमत लावली की देण्याची प्रेरणा विझते आणि मिळणारे रक्तही कमी प्रतीचे असते, असे त्याचे म्हणणे. त्याच्याही आधी, १९२५मध्ये, मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानाने दाखवले होते की भेटवस्तू कधीच सुटी नसते. देणे, घेणे आणि परत देणे अशी ती बांधिलकी असते. डेबियनच्या त्या स्वयंसेवकांचे दुखणे मला या दोघांमुळे समजले. त्यांना पैसे हवे होते असे नाही. आपण सगळे एका पंगतीत बसलो आहोत, ही जाणीव त्यांना हवी होती आणि पंगतीत दोघांच्या पानात वेगळा पदार्थ पडला होता.

तरीही मी टिटमसबरोबर शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. रक्त देणारा एक बाटली देतो आणि घरी जातो. काही आठवड्यांत त्याचे रक्त भरून निघते. हेन्सन किंवा कॉख यांनी दिलेली वर्षे भरून निघत नाहीत. त्यांना भाडे भरायचे असते, मुलांना शाळेत घालायचे असते. प्रेमाने केलेल्या कामाला पैशाचा स्पर्श झाला की ते विटाळते, हे वाक्य बोलायला ज्याला दुसरीकडून पगार येतो त्यालाच परवडते. आपल्याकडे कलावंतांच्या आणि शिक्षकांच्या बाबतीत हे फार बोलले गेले आहे आणि त्याची किंमत त्यांच्या घरच्या बायकांनी मोजली आहे.

मग पैसा कोणत्या कामाला द्यावा? माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की अमुक सोय करून द्या म्हणून मी देणार नाही. ती किंमत झाली, आणि किंमत मोजली की मनात हक्क उगवतो. ज्या कामाला हौसेने कोणी येत नाही, त्याला द्यावे. डेबियनमध्येच याचे एक चांगले उदाहरण पुढे घडले. जुन्या आवृत्तीतली भोके आणखी काही वर्षे बुजवत राहणे, हे कंटाळवाणे काम २०१४पासून कंपन्यांकडून जमवलेल्या पैशावर काही जण करतात. त्यावर तसा गहजब झाला नाही, कारण ते कोणाच्या आनंदाचे काम हिरावून घेत नव्हते.

ब्लेंडरची कथा याहून आनंदाची आहे. टॉन रूसेंडाल यांची अ‍ॅमस्टरडॅममधली कंपनी २००२च्या सुरुवातीला बंद पडली आणि त्रिमिती चित्रे व चलच्चित्रे घडवणारे तिचे सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांच्या हाती अडकले. एक लाख युरो दिले तर कोड मुक्त करू, असे ठरले. १८ जुलै २००२ला मोहीम सुरू झाली, सात आठवड्यांत रक्कम जमली आणि १३ ऑक्टोबरला ब्लेंडर मुक्त झाले. तारण ठेवलेला दागिना गावाने मिळून सोडवून आणावा तसे. पण मला त्याच्या पुढचे अधिक मोलाचे वाटते. २००६चा त्यांचा पहिला मुक्त लघुपट ‘एलिफंट्स ड्रीम’ होण्याआधीच ज्यांनी डीव्हीडीचे पैसे भरले, त्यांची नावे श्रेयनामावलीत आली. मासिक वर्गणीचा निधी उभा राहिला; त्यात एकेकटी माणसे आहेत आणि मोठ्या कंपन्याही. २०१९मध्ये एपिक गेम्सने तीन वर्षांसाठी बारा लाख डॉलर दिले. मार्च २०२५मध्ये लाटव्हियाच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, तो ब्लेंडरमध्ये घडवलेला होता. सात आठवड्यांच्या मोहिमेने ब्लेंडर सुटले; ते जगले मात्र त्यानंतरच्या महिन्यामहिन्याच्या पैशावर.

मागणे हीसुद्धा एक विद्या आहे आणि चांगल्या कारागिरांना ती बहुधा येत नाही. थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम फायरफॉक्सच्या मोझिला संस्थेने २०१२मध्ये जवळजवळ सोडून दिला होता. पुढे देणग्यांवर तो पुन्हा उभा राहिला. २०२१मध्ये त्याला सुमारे २८ लाख डॉलर मिळाले आणि २०२२मध्ये, प्रोग्राम उघडल्यावर वापरणाऱ्यांपुढेच साधी विनंती मांडल्यावर, ६४ लाख. माणसे कंजूष नव्हती. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आपल्या देशातून द्यायचे म्हटले तर त्यात वेगळे काटे आहेत. १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून दरमहा आपोआप जाणाऱ्या रकमांचे नियम बदलले, आणि परदेशी संस्थांना जाणाऱ्या कित्येक छोट्या वर्गण्या गपचूप थांबल्या. माझीही थांबली. मला ते दीड वर्षाने कळले. आता मी पाडव्याला वर्षाची रक्कम एकदम पाठवतो. उलट्या दिशेने, बाहेरून इथे पैसा घ्यायचा तर विदेशी योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी हवी. चार मित्र मिळून एखादा मराठी टंक किंवा शब्दकोशाचे ॲप सांभाळत असतील तर त्यांच्या आवाक्यात ते येत नाही. म्हणून ऑक्टोबर २०२४मध्ये बंगळूरच्या झिरोधा कंपनीने मुक्त सॉफ्टवेअरसाठी दरसाल दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, याचे मला मोल वाटते. पैसे मागणाऱ्या प्रकल्पाने आपल्या कोडशेजारीच एक छोटी फाइल ठेवायची, आपण कोण, आपल्याला किती लागतात, कशासाठी लागतात एवढे त्यात लिहायचे, अशी त्यांची पद्धत आहे. आपली गरज लाज न बाळगता लिहून ठेवायची जागा तयार झाली.

पूर्वी महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभारला. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, हा विचार. लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता. पैसा पैसा गोळा करून १९०८मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. एक पैसा मागायला एका कार्यकर्त्याला किती उंबरे चढावे लागले असतील, याचा विचार मी अलीकडे करतो, कारण आजही तेच कोडे आहे. पाच डॉलर पाठवायचे तर मधल्या हातांत किती झिजतात, पावती कोण पाठवते, हिशोब कोण लिहितो? छोट्या रकमांवर चालणाऱ्या संस्थेचा पहिला पगारी माणूस पुष्कळदा प्रोग्रामर नसतो, तो हिशोबनीस असतो. आणि त्याचा पगार वाया गेला असे मी कधी म्हणणार नाही.

पैशाने वेळ विकत मिळतो. सोबत मिळत नाही, हे मला एका अलीकडच्या घटनेने शिकवले. फिनलंडचे लासे कोलिन हे एक्सझेड नावाची प्रणाली सांभाळत. फायली दाबून लहान करणे एवढेच तिचे काम. पण जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रात ती असते. २०२२मध्ये काही अनोळखी नावे त्यांच्यावर दबाव आणू लागली: काम रेंगाळले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. कोलिन यांनी सांगितले की हा बिनपैशाचा छंद आहे, मनाची प्रकृती बरेच दिवस ठीक नाही, आणि जिया टॅन नावाचा एक मदतनीस हात लावतो आहे, कदाचित पुढे तोच अधिक काम पाहील. तो मदतनीस दोन वर्षे नियमाने, नम्रपणे काम करत राहिला. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याने त्या प्रणालीत एक चोरदरवाजा बसवला, जगभरच्या सर्व्हरांत शिरता येईल असा. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्चला त्याने सगळे उघड केले.

त्या थकलेल्या वर्षांत कोलिन यांना कोणी पगार दिला असता तर हे टळले असते का, मला ठरवता येत नाही. पगाराबरोबर एखादा खरा जोडीदार मिळाला असता तर, असे वाटत राहते. त्यांना मदतीची गरज होती, ती त्यांनी बोलून दाखवली होती, आणि जो एकटा माणूस मदतीला आला तो चोर निघाला. आपण बाकीचे, ज्यांच्या प्रत्येक यंत्रात ते काम होते, कुठे होतो?

बातमी फुटली तेव्हा कोलिन विश्रांतीवर होते. ते परत आले. दोन वर्षांचे बदल पुन्हा काढून त्यांनी तपासले, त्या माणसाने ठेवलेले बाहेर काढले आणि २९ मे २०२४ला ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली.